गाणी भरून मिळतील

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी मोबाईलचं छोटं दुकान आहे. पाटीवर रिचार्ज, कव्हर, काच बदलणे, आधारवरून पैसे काढणे असा सगळा संसार रंगवलेला. त्याच्या खाली, पांढऱ्या रंगाचा हात दोनदा फिरवूनही न गेलेली एक जुनी ओळ दुपारच्या उन्हात अजून वाचता येते : ‘गाणी भरून मिळतील.’

पुण्याहून आलेल्या एका मित्राला ती दाखवली तर तो हसायलाच लागला. गाणी ऐकतात, म्हणतात, फार तर बसवतात, भरतात कशी? त्याला काय सांगणार! ज्या गावात नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येतं, तिथं ‘भरणे’ या क्रियापदाला वेगळंच वजन असतं. आमच्या वाड्यातल्या बायका ‘जेवलात का’च्या आधी ‘भरलात का’ विचारायच्या. आधी पिंप, मग हंडे-घागरी, शेवटी तांब्यासुद्धा. पुढचं पाणी येईपर्यंत घरात असेल त्यावर भागवायचं आणि कमी पडलं तर शेजारी घागर मागायची. गाण्यांचंही तेच होतं. इंटरनेटचा नळ दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात होता. आपण आपलं भांडं घेऊन जायचं, रांगेत ठेवायचं, भरून आणायचं.

भांडं म्हणजे मेमरी कार्ड. बोटाच्या नखाएवढं, काळं, शिंक आली तर उडून जाईल असं. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री फाईलला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो. म्हणजे पाच मिनिटांचं गाणं पाच एमबीचं आणि दोन जीबीच्या कार्डात चारेकशे गाणी. वीस-तीस रुपयांत कार्ड काठोकाठ. तेव्हा दुकानाचा मालक तिशीतला होता. त्याला सगळे अण्णा म्हणत, त्याच्यापेक्षा वयानं मोठे असलेलेसुद्धा. गिरणीत दळणाचे डबे लागतात तशी त्याच्या काउंटरवर कार्डं लागायची. प्रत्येकाखाली चिठ्ठी, कारण कार्डावर नाव लिहायला जागाच नसते. पिठाच्या गिरणीसारखीच इथंही मिसळ व्हायची. ज्वारीच्या दळणात आधीच्या डब्यातला थोडा गहू उतरतो, तशी तुमच्या कार्डात आधीच्या गिऱ्हाइकाची दहा-बारा गाणी येऊन बसायची. माझ्याकडं तेलुगू गाणी अशीच शिरली. परत द्यायला कोण जातंय.

अण्णाचे प्रश्न तीनच. कुणासाठी? कुठली भाषा? फोन कुठला? पहिले दोन समजण्यासारखे आहेत, पण तिसऱ्यात त्याची खरी कारागिरी होती. नोकियाचा संगीतवाला सेट असेल तर तो जुनी, शांत गाणीही घालायचा. मागं चार भोकांचा मोठा स्पीकर असलेला चिनी सेट असेल तर नुसतं ढोल-ताशाचं. ‘त्यात किशोरीबाई टाकून काय करू, बिचाऱ्या आतच राहतील,’ असं तो मला एकदा गंभीरपणे म्हणाला होता. संगीतसमीक्षेत मी इतकं नेमकं वाक्य फार वेळा वाचलेलं नाही.

दुसरा प्रश्न मात्र सोलापूरचा. इथं भाषा विचारल्याशिवाय गाणं देता येत नाही. एकाच बोळात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू अशी चार घरं लागोपाठ असू शकतात. अण्णाच्या संगणकावर पिवळे फोल्डर होते : भक्ती, भीमगीते, कन्नडा, तेलगू, कव्वाली, सॅड, डीजे. ‘सॅड’ सगळ्यांत फुगलेला. त्यात अल्ताफ राजापासून कुमार सानूपर्यंत सगळे एका पंगतीला. प्रेमभंग झालेल्या पोराची भाषा अण्णा विचारत नसे.

फोल्डर वेगळे असले तरी एक माणूस दोन-तीन फोल्डरांत सापडायचा, ते म्हणजे भीमसेन जोशी. गदगचे भीमसेन मराठी घरात अभंग म्हणत आणि कानडी घरात दासांची पदं. दोन्हींतला देव एकच. पुरंदरदासांच्या पदांची मुद्राच ‘पुरंदर विठ्ठल’ आणि तो विठ्ठल आमच्याच जिल्ह्यात, पंढरपुरात उभा. आषाढीच्या पहाटे समोरासमोरच्या दोन माड्यांवरून तोच आवाज दोन भाषांत यायचा. त्या वेळी ते इतकं रोजचं होतं की कुणी कौतुकही केलं नाही. विठ्ठलाच्या बाबतीत तिसरा दावेदार होता प्रल्हाद शिंदे. त्यांच्या विठ्ठलाला रिक्षा स्टँडवरचा धूर आणि चहाच्या टपरीचा वास होता आणि खपात त्यांनी पंडितजींना आमच्या बोळात तरी कधी पुढं जाऊ दिलं नाही. हेच शिंदे ‘भीमगीते’ या फोल्डरातही होते, वामनदादा कर्डकांच्या शेजारी.

दुकान ही झाली घाऊक बाजू. खरा व्यवहार कट्ट्यावर चालायचा.

‘काय भरलास बे नवीन?’ आणि त्यावर लगेच, ‘टाक की मला.’ पेठेतल्या पोरांच्या दोन वाक्यांत सगळं आलं. ‘ब्लूटूथ चालू कर’ हा मंत्र. शोध घेतला की पडद्यावर आसपासच्या फोनांची नावं उमटायची : राजे, किलर बॉय, आईचा लाडका, कुणीतरी नुसतंच ‘नोकिया’. दहा मीटरपर्यंत चालणारं ते यंत्र. तरी सगळे फोनाला फोन चिकटवून उभे राहायचे. आधीच्या इन्फ्रारेडची ती सवय, त्याला समोरासमोर डोळा लागायचा. एक गाणं जायला मिनिटभर लागे, कधी दोन. नव्वद टक्क्यांवर कुणाचा फोन वाजला की पहिल्यापासून सुरुवात. त्या मिनिटभरात करण्यासारखं काही नसे, म्हणून बोलणं होई. गाणं कुणी गायलंय, तुला कुठं सापडलं, हे तिच्यासाठी आहे का. मला आठवणाऱ्या निम्म्या मैत्र्या त्या टक्केवारीच्या पट्टीखाली झाल्या आहेत.

आणि लाज. तुमच्याकडून घेणारा तुमची यादी वरखाली बघायचा. ‘डीजे’ आणि ‘सॅड’च्या मध्ये ‘आईचे’ नावाचा फोल्डर दिसला की पोरं चिडवायची, पण तेही घेऊन जायची. घेतलं म्हणून तुमचं काही कमी होत नाही, हा या देवघेवीतला मोठा गमतीचा भाग. शेजारणीला चमचाभर विरजण दिल्यावर आपलं दही कमी होत नाही, फक्त तिच्या दह्याला आपल्या घरची चव येते. आमच्या बोळातल्या सगळ्यांच्या कार्डांना हळूहळू एकमेकांची चव आली होती. त्यातलं माझं स्वतःचं किती हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

वाड्यातल्या अक्का दुकानात उभ्या राहत नसत. तिथं पोरं असतात. त्या कागदावर यादी लिहून भाच्याकडं देत, कार्ड रुमालाच्या गाठीत. ही रीत नवी नव्हती. त्यांनीच पंचवीस वर्षांपूर्वी कोऱ्या कॅसेटी अशाच भरून घेतल्या होत्या. साठ मिनिटांच्या कॅसेटला बारा गाणी, दोन बाजू, शेवटचं गाणं अर्ध्यात तुटू नये म्हणून अडीच मिनिटांचं निवडायचं. क्रियापद तेच, यादी तीच, फक्त बारा जागांच्या चारशे झाल्या. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकानं १९९३ साली उत्तर भारतातल्या ‘कॅसेट संस्कृती’वर पुस्तक लिहिलं. स्वस्त कॅसेटमुळं मोठ्या कंपनीच्या हातातून बाजार सुटला आणि गावोगावच्या बोलींतली गाणी छापली जाऊ लागली, हा त्याचा मुख्य मुद्दा. सोलापुरात तो मुद्दा पुस्तक न वाचता कळलेला होता. आनंद शिंद्यांच्या पोपटाच्या गाण्यानं अख्खा महाराष्ट्र डोक्यावर घेतला तो रेडिओच्या कृपेनं नव्हे, कॅसेटच्या. अक्कांना विचारलं की चारशे गाण्यांचं सुख जास्त की बाराचं, तर म्हणाल्या, ‘बारा पाठ व्हायची रे. चारशेत मी त्याच बाराला शोधत बसते.’

हा सगळा धंदा कायद्यात बसणारा नव्हता, हे सरळ सांगितलं पाहिजे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३व्या कलमात अशा नकलेला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेनं अशा दुकानांना रीतसर परवाना देण्याची योजनाही काढून पाहिली. २०१२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशानं फुकट गाणी देणारी १०४ संकेतस्थळं बंद करायला इंटरनेट कंपन्यांना सांगण्यात आलं. त्याच वर्षी फ्लिपकार्टनं ‘फ्लाइट’ नावाचं गाण्यांचं रीतसर दुकान उघडलं आणि २०१३च्या जूनमध्ये बंदही केलं. सहा रुपयांना एक गाणं, असं अण्णाला सांगितलं तेव्हा त्यानं माझ्याकडं डॉक्टर पेशंटकडं बघतो तसं बघितलं होतं. यात गीतकार-संगीतकारांचं नुकसान झालं, वामनदादांसारख्यांच्या वाट्याला तर रीतसर विक्रीतूनही काय आलं असेल कोण जाणे. माझ्या कार्डातल्या चारशेपैकी एकाचेही पैसे गाणाऱ्यापर्यंत पोचले नव्हते. अण्णाच्या वीस रुपयांवर माझं प्रेम असलं तरी हा हिशेब त्यात मिटत नाही.

आमच्या वाड्यातले एक मामा पूर्व भागात यंत्रमागावर होते. चादर नव्हे, टॉवेल. बारा तासांची पाळी आणि मागाचा तो खटखटाट, ज्यात शेजारच्याला हाक मारायची तर खांद्यावर थाप मारावी लागते. मामा कानात इअरफोन घालून वर रुमाल बांधत आणि आठ तास तरी गाणी ऐकत. मला ते पटायचं नाही. ऐकू काय येत असेल? एकदा त्यांनी समजावून सांगितलं. ‘लूमवर लताबाई येते. तलत येत नाही. ढोलकी येते, तबल्याचा डग्गा मागातच जातो.’ कार्ड भरताना ते तशी निवड करत. उंच पट्टीतल्या बाया, खडी लावणी, सनई, हलगी. हळू, घोगरं, पुटपुटणारं सगळं बाद. आशाबाईंची कोणती गाणी लूमवर चालतात आणि कोणती घरी, याची त्यांच्याकडं वेगळी वाटणी होती.

बऱ्याच वर्षांनी एमपीथ्री म्हणजे काय हे वाचताना मामा आठवले. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या ज्या संशोधकांनी ही पद्धत घडवली त्यांचा सगळा डाव माणसाच्या कानाच्या एका खोडीवर आहे. मोठ्या आवाजाच्या आसपासचा लहान आवाज कानाला कळतच नाही, मोठा त्याला झाकून टाकतो. मग जो ऐकूच येणार नाही तो साठवायचा कशाला? तो टाकून दिला की फाईल दहा-बारा पटीनं लहान होते. .एमपीथ्री हे शेपूट त्यांनी १९९५च्या जुलैत ठरवलं. मामांच्या लूमनं हेच काम तीस वर्षं केलं. आधी त्या फाईलनं गाण्यातलं काही गाळलं, मग मागानं उरलेल्यातलं गाळलं, आणि तरीही मामांना पुरेल इतकं गाणं शिल्लक राहायचं. सुट्टीच्या दिवशी घरच्या शांततेत मात्र त्यांना गाणी ‘फार मोकळी’ वाटत. ते रेडिओ लावून वर पंखा पाचवर ठेवायचे.

अण्णाच्या दुकानासमोरची शेवटची मोठी रांग मला तारखेनिशी सांगता येते. २९ एप्रिल २०१६ला ‘सैराट’ लागला. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. सिनेमातली माती ओळखीची, पोरांची बोली ओळखीची. अजय-अतुलनी त्यातल्या सिम्फनीचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर केलं होतं. तिथला तो सगळा व्हायोलिनांचा ताफा आमच्या बोळात नखाएवढ्या कार्डावरून चिनी स्पीकरच्या चार भोकांतून बाहेर पडत होता आणि कुणाची काही तक्रार नव्हती. मे महिनाभर अण्णानं भाषा विचारणं बंद केलं होतं. तेलुगू घरं, उर्दू घरं, सगळ्यांना तेच.

आणि ५ सप्टेंबरला जिओ आलं. चार महिने आणि काही दिवस, बस्. ज्या एक जीबी डेटाला अडीचशेच्या आसपास पडत होते तो फुकट झाला आणि नळ चोवीस तास वाहायला लागला. नळाला चोवीस तास पाणी असलेल्या घरात पिंप कोण ठेवतं? दिवाळीपर्यंत काउंटरवरची कार्डं गेली. अण्णानं सिम विकून त्या वर्षी बरे पैसे केले, त्यामुळं त्याची शोकांतिका करण्यात अर्थ नाही. पुढं पोरं शेअरइट, झेंडरवरून सिनेमेच्या सिनेमे फेकू लागली. २९ जून २०२०ला सरकारनं बंद केलेल्या ५९ चिनी ॲपांत हे दोन्ही गेले, तोवर कुणाला त्यांची गरजही उरली नव्हती.

आता गाणं कुणाला ‘टाकत’ नाहीत. स्टेटसला ठेवतात. अर्ध्या-एक मिनिटाचा तुकडा, ज्यांनी बघितलं त्यांची यादी खाली, आणि उद्या सगळं साफ. माझा पुतण्या शेजारी बसून तासभर ऐकतो, पण काय ऐकतो हे मला कळायचा मार्ग त्याला विचारणं एवढाच आहे, आणि विचारलं की तो ‘असंच’ म्हणतो. त्याला काय आवडेल हे ॲप सांगतं आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतं. पण ॲपच्या हातून शेजारच्या डब्यातला गहू सांडत नाही. कानडी घराशेजारी राहून त्याच्या यादीत एकही कानडी गाणं नाही. माझीही पाच वर्षांची जमवलेली यादी २०२४ साली विंक हे गाण्यांचं ॲप बंद झालं तेव्हा विरघळली. मी तिला माझी म्हणत होतो इतकंच.

सार्वजनिक ऐकणं मात्र वाढलंय, ते जरा जास्तच. माणिक चौकातून मिरवणुका जातात. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज बाराबंदीतल्या मानकऱ्यांच्या कमरेवर तोललेले याच वाटेनं विजापूर वेशीकडं जातात, आणि गणपतीत सोलापूरची लेझीम. तिच्यासमोर पुण्याच्या ढोलपथकांनी गप्प बसावं, असं माझं प्रामाणिक पक्षपाती मत आहे. पण या दोन्हींवर आता भिंत चढते ती डॉल्बीची. या शब्दाची गंमत बघा. रे डॉल्बी नावाच्या अभियंत्यानं १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली, आणि तिचा पहिला मोठा शोध होता टेपमधली खरखर कमी करण्याचा. गोंगाट घटवणाऱ्या माणसाचं नाव आमच्याकडं काचा थरथरवणाऱ्या भिंतीला मिळालं. नियमानं निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. मामांना विसर्जनाच्या रात्री विचारलं तर म्हणाले, ‘लूम बरा होता. त्याला ताल तरी होता.’

दिवाळी अंकात लेख लिहायचा म्हटल्यावर संपादकांनी विचारलं, तुम्ही स्वतः हल्ली काय उतरवून घेतलंत? मोकळेपणानं सांगतो. कडूबाई खरात यांची एकतारीवरची भीमगीतं. मोबाईलवरूनच घरोघर गेलेला आवाज, त्यात स्टुडिओतली पॉलिश नाही आणि नसलेलीच बरी. मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेली वचनं. कानडी मला निम्मं कळतं, पण मन्सूर अर्थ सांगत नाहीत, दाखवतात. पलीकडच्या पद्मशाली काकूंच्या आग्रहानं घंटसालांची तेलुगू भगवद्गीता; त्या रोज सकाळी लावतात आणि मला संस्कृतपेक्षा ती चाल आधी पाठ झाली. अल्ताफ राजा, कारण ‘सॅड’ फोल्डराशी बेइमानी करवत नाही. आणि गेल्या गड्ड्यात माझ्याच फोनवर टिपलेली सात मिनिटांची हलगी, जिच्यात मध्येच कुणीतरी ‘सरक की बे’ म्हणतंय. मी ती मुद्दाम कापली नाही.

या लेखासाठी म्हणून जुनं कार्ड शोधलं. कपाटात अक्कांच्या रुमालाच्या गाठीतच सापडलं. ते लागेल असा फोन घरात उरला नव्हता, म्हणून पुतण्याला घेऊन अण्णाकडं गेलो. त्यानं खणातून धूळ खात पडलेला कार्ड रीडर काढला, फुंकर मारली. उघडलं. ३८७ गाणी. नावांच्या शेपटांना अजून त्या बंद झालेल्या संकेतस्थळांचे पत्ते लटकलेले. वाचत वाचत खाली आलो तर एक फाईल नुसतीच ‘ट्रॅक ०४’. गाणारी बाई, मागं पेटीसारखं काही, आवाज खूप जुना. अण्णाला ओळखेना. तो म्हणाला, कानडी असणार. रिचार्जला आलेला पोरगा म्हणाला, नाही, तेलुगू पण नाही. पद्मशाली काकू भाजी घेऊन चालल्या होत्या, त्यांना थांबवलं. त्यांनी पिशवी खाली ठेवून पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, आमचं नव्हे, पण कुठंतरी ऐकलंय. कव्वालीवाल्या घरातल्या चाचांनी दोनदा लावायला सांगितलं. काउंटरपाशी सहा-सात माणसं झाली. पुतण्यानं त्याच्या फोनवरच्या गाणं ओळखणाऱ्या ॲपला ऐकवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं आणि सापडत नाही म्हणालं.

अण्णानं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. मग थांबला आणि म्हणाला, ‘राहू दे जरा. ते मला टाकून घेऊ दे.’